चित्रपुस्तक घेताना मी आधी काय बघते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ऑनलाइन २० पुस्तकांचा संच मागवलात, ९९९ रुपयांना. रोज रात्री तिला घेऊन बसता, पण ती दोन पानांपलीकडे टिकत नाही. भराभर पानं उलटते, पुस्तक मिटते आणि पळते. तिचं लक्ष लागत नाही का, आणि चांगल्या पुस्तकांची यादी मिळेल का, असं विचारलंय. जाता जाता एक वाक्य लिहिलंय : 'आजीची गोष्ट मात्र अर्धा तास ऐकते, तीसुद्धा रोज तीच.'

मी गेली २२ वर्षं बालवाडी चालवते. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते शेवटचं. रोज तीच गोष्ट अर्धा तास ऐकणाऱ्या मुलीत काहीही खोट नाही. खोट असलीच तर त्या २० पुस्तकांत असणार, आणि थोडी कदाचित वाचायच्या पद्धतीत. यादी मी देईन, पण यादी चार महिन्यांत संपते. पुढच्या वाढदिवसाला कुणीतरी आणखी एक संच घेऊन येईलच. त्यातलं कुठलं हाताशी ठेवायचं आणि कुठलं माळ्यावर टाकायचं, हे तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. घरात कोणती भाषा बोलता, ती रात्री किती दमलेली असते, धाकटं भावंड आहे का, या सगळ्यानं उत्तर थोडं थोडं बदलतं. स्वभावही असतोच. काही मुलं उभ्या उभ्या, चालता चालता ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं धडाधड सांगतात. हाक मारल्यावर वळून न बघणं, बोट दाखवून काही न मागणं, शब्द फारच कमी असणं, असं काही दिसत असेल तर मात्र पुस्तकं राहू द्या, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

आजी कोणती गोष्ट सांगतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण मी पैज लावते, एक तर शेणाच्या घरातल्या कावळ्याची, नाही तर भोपळ्यातल्या म्हातारीची. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.' पुन्हा 'दार उघड', पुन्हा 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते'. दुसऱ्या फेरीला मुलाला कळतं की आता पुन्हा टकटक होणार. तिसऱ्या फेरीला आजी गप्प बसते आणि मूलच म्हणतं, 'थांब!' बाहेर पाऊस पडतोय, कावळा भिजतोय, आणि दार उघडायचं की नाही हे जणू आपल्याच हातात आहे. तुमची मुलगी नुसती ऐकत नाही, निम्मी गोष्ट तीच सांगते. त्या गोष्टीत तिला काम आहे.

आता तुमचा संच. मी तो पाहिलेला नाही, पण असे संच आमच्याकडे पोत्यानं भेट येतात. फळं, भाज्या, पाळीव प्राणी, जंगली प्राणी, वाहनं, रंग, आकार, अंक, मुळाक्षरं, ए बी सी डी. उरलेल्या चार-पाचांत ससा-कासव, सिंह-उंदीर, शेवटी जाड अक्षरांत तात्पर्य. यात मुलाला काम काय? 'हे काय?' 'सफरचंद.' संपलं. ही तोंडी परीक्षा झाली. तुमची मुलगी ती कधीच पास झालीय, म्हणून उठून जाते. मीही गेले असते.

मी स्वतः यात फसलेय. बालवाडी सुरू केली त्या वर्षी एका विक्रेत्यानं गळ्यात मारलेली ३० पुस्तकं घेतली. कडक पुठ्ठा, चकचकीत कागद, आणि किती स्वस्त म्हणून मी खूश. आठ वर्षांनी कपाट आवरताना बघते तर ती सगळी कोरी करकरीत. त्याच कपाटात पातळ कागदाची, मध्ये दोन पिना मारलेली पंधरा-वीस पुस्तकं होती. त्यांच्या पिना गंजलेल्या, कोपरे चघळलेले, कडांना सेलोटेपवर सेलोटेप. तेव्हापासून फाटकं पुस्तक हे आमच्याकडे त्या पुस्तकाचं प्रगतिपुस्तक आहे. नवीन खरेदीला जायच्या आधी मी कुठली पुस्तकं सगळ्यात जास्त फाटलीत ते बघते आणि त्यांच्या जातीची शोधते.

त्या फाटक्या पुस्तकांत सारखं काय, याचा विचार करता करता एक फरक ध्यानात आला. सचित्र पुस्तक वेगळं आणि चित्रपुस्तक वेगळं. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांनी सांगून झालेली असते, चित्र नुसतं शेजारी बसलेलं असतं. 'सिंह झोपला होता' असं वाक्य आणि खाली झोपलेला सिंह. चित्रपुस्तकात मात्र चित्र असं काहीतरी सांगतं जे शब्द सांगत नाहीत. दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. हातानं चित्र झाका आणि मजकूर वाचा. गोष्टीतलं काहीच हरवलं नाही, तर ते चित्र फक्त सजावट आहे. मग मजकूर झाका आणि नुसती चित्रं बघा. 'आता पुढे काय?' असं तुम्हालाच वाटलं तर पुस्तक घ्या.

याचं जगभर दाखवलं जाणारं उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स या ब्रिटिश चित्रकर्तीचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक'. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवायच्या वेळेला घरी परतते, एवढाच मजकूर. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्यामागे कोल्हा आहे, आणि पानापानाला त्याची फजिती होते. शब्दांत कोल्ह्याचं नावही नाही. मी वर्गात मजकूर मराठीत सांगते, अगदी निर्विकार चेहऱ्यानं, जसा काही मला कोल्हा दिसतच नाही. दुसऱ्या पानाला वर्ग उभा राहतो. 'ताई, कोल्हा! ताई, तुमचं लक्ष नाही!' वाचणाऱ्या ताईपेक्षा आपल्याला जास्त कळतंय, हा आनंद तीन वर्षांच्या माणसाला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळतो?

आपल्या भोपळ्याच्या गोष्टीतही तीच गंमत आहे. म्हातारी आत आहे हे आपल्याला माहीत, वाघाला माहीत नाही. चित्रकार जाणता असेल तर भोपळ्याला एक भोक ठेवून आतली म्हातारी आपल्याला दाखवेल आणि वाघाला पाठमोरा उभा करेल. नसेल तर रस्ता, भोपळा, वाघ, मागे डोंगर, डोंगरामागे सूर्य. झालं चित्र.

मुलं शब्दांकडे बघतच नाहीत, हेही माहीत असू द्या. २००५ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी मोठी माणसं गोष्ट वाचून दाखवत असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर कुठे जाते ते यंत्रानं टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर, अक्षरांवर नावापुरती. म्हणजे आपण वाचतो ते एक पुस्तक आणि मूल वाचतं ते दुसरं. म्हणून खरेदी करताना मजकुरापेक्षा चित्रांना जास्त वेळ द्या. आपण उलट करतो.

चित्रात काय बघायचं? 'सुंदर' हा शब्द मी वापरत नाही, त्यानं घोळ होतो. मी पात्रांचे डोळे बघते. स्वस्त संचांत सगळे प्राणी आपल्याकडे बघून हसत असतात, फोटो काढायला उभे केल्यासारखे. सिंहानं उंदराला पंज्यात धरलंय आणि दोघंही आपल्याकडे बघून हसतायत! चांगल्या चित्रात पात्रं एकमेकांकडे बघतात, किंवा एखादं मुद्दाम दुसरीकडे बघतं, आणि त्यावरून कोण रुसलंय, कोण लबाडी करतंय हे कळतं. पान उलटल्यावर तोच मुलगा तोच वाटतो का, आधीच्या पानावर निळा सदरा होता तो इथे हिरवा का झाला, हेही बघा. मुलं हे बघतात आणि विचारतात.

चित्र खरं असावं, म्हणजे फोटोसारखं नव्हे, पण चित्रकारानं ती वस्तू कधीतरी पाहिलेली असावी. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या येतात, त्यांची मुलं चार-पाच महिने बालवाडीत येतात. अशाच एका चार वर्षांच्या मुलाच्या घरी पुस्तक नावाची वस्तूच नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं बैलगाडीचं चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'हे पळून जातील.' बघितलं तर खरंच, चित्रात बैल होते, गाडी होती, पण जू नव्हतं. छापखान्यापासून माझ्यापर्यंत कुणालाही ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून तो आमचा बैलगाडीतला तज्ज्ञ. पुस्तकात आपल्या ओळखीचं काही सापडलं की मूल असं ताठ बसतं. तुमच्या मुलीसाठी ती बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी असेल, लिफ्ट असेल, आजीचा चष्मा असेल. सगळीच पुस्तकं 'आपल्याकडची' हवीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. बर्फातल्या अस्वलाची गोष्टही मुलं जीव लावून ऐकतात. पण सगळ्याच पुस्तकांत लाल छपराचं घर, पिवळ्या केसांची मुलं आणि स्वयंपाकघरातच असलेली आई असेल, तर आपलं घर पुस्तकात येण्याच्या लायकीचं नाही असं मूल मुकाट्यानं शिकतं.

आता भाषा. एक पान दुकानातच मोठ्यानं वाचा, लाजू नका. मराठीतली बरीच चित्रपुस्तकं भाषांतरित असतात. त्यात गैर काही नाही, भाषांतर मराठीत झालेलं असलं म्हणजे झालं. 'मीनूने तिच्या बॅगमधून तिची बाटली बाहेर काढली आणि तिने ती तिच्या मैत्रिणीला दिली' असं वाक्य दिसलं की पुस्तक खाली ठेवा. 'मीनूनं दप्तरातून बाटली काढली आणि मैत्रिणीला दिली', असं आपण बोलतो. हे पुस्तक तुम्हाला किमान ५० वेळा वाचायचं आहे. पहिल्याच वाचनात जीभ अडखळली तर पंधराव्या रात्री तुम्ही ते गादीखाली लपवाल. मोठ्यांना कंटाळा न येणं ही माझ्या लेखी चैन नाही, अटच आहे. तुमच्या घरी 'मले-तुले' बोलत असाल किंवा मालवणी, अहिराणी बोलत असाल, तर वाचताना बेधडक आपल्या बोलीत सांगा. फक्त एकदा बदललेला शब्द दुसऱ्या दिवशीही तोच ठेवा, नाही तर चूक पकडली जाईल.

तात्पर्याबद्दल माझं मत टोकाचं आहे, पटलं तर घ्या. शेवटी 'म्हणून आपण नेहमी खरे बोलावे' असं छापलेलं पुस्तक मी घेत नाही, आणि घरात असेल तर ती ओळ वाचत नाही. चार वर्षांच्या मुलाला गोष्ट कळलेली असते. ती पुन्हा समजावून सांगणं म्हणजे विनोद सांगून झाल्यावर त्याचा अर्थ सांगण्यासारखं आहे.

भीतीचं उलटं. पालक वाघ-लांडगा असलेली पुस्तकं टाळतात. मी शोधून आणते. मांडीवर बसून, शेजारी बाबाचा हात असताना घाबरायला मुलांना फार आवडतं. मात्र शेवटी सुटका हवी, आणि ती त्याच बैठकीत व्हायला हवी. वाघाच्या पानावर पुस्तक मिटून 'उरलेलं उद्या' असं या वयात करू नका.

आणखी एक गैरसमज. पुस्तकावर 'पातळी १, पातळी २' असं छापलेलं असतं. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर ते दिसेल. मूल लहान म्हणून पालक पातळी १ उचलतात. पण ही पातळी मूल स्वतः वाचायला लागेल तेव्हासाठी आहे. तिथं शब्द मोजके आणि सोपे ठेवलेले असतात. ऐकण्याची झेप त्याच्या खूप पुढे असते. आजीची अर्ध्या तासाची गोष्ट पचवणाऱ्या मुलीला पातळी २ बिनधास्त वाचून दाखवा.

यादी मागितलीत, तर सुरुवात इथून करा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, विशेषतः 'राधाचं घर' ही ज्योत्स्ना प्रकाशनाची मालिका. घरातल्या माणसांबद्दलची ही पुस्तकं तुमच्या मुलीच्या वयाला चपखल बसतात. पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळे कोणती गोष्ट शब्दांवर सोपवायची आणि कोणती चित्रावर, हे एकाच डोक्यातून ठरलेलं असतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यानंतर प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, आणि चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठीतली पुस्तकं. प्रथम आणि नॅशनल बुक ट्रस्टची बरीच पुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात, म्हणजे तुमच्या त्या ९९९ रुपयांत निवडून घेतलेली सात-आठ सहज आली असती. संच घेऊच नका. संचात दोन चांगली पुस्तकं अठरा वाईटांना खांद्यावर घेऊन येतात.

दुकान जवळ नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. पण ती तुम्ही वाचा, मुलीला मोबाइलवर दाखवू नका. चित्र झाकून बघायची परीक्षा तिथं घरबसल्या करता येते, आणि जे पास होईल ते छापील मागवा. कागद शक्यतो चकाकी नसलेला घ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात चकचकीत पानावरचं चित्र अर्धं दिसतच नाही. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दोन वर्षांपर्यंत ठीक, तुमच्या मुलीला आता त्यांची गरज नाही.

आणि पुस्तकं कितीही आणलीत तरी एका वेळी पाचच बाहेर ठेवा, मुखपृष्ठ दिसेल अशी. आम्ही खिडकीला दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावतो. महिनाभरानं दोन बदलायची. ती रोज तेच आणेल. आणू दे. २०११ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. नवे शब्द दोन्ही गटांना तितक्याच वेळा ऐकवले. एका गटाला त्याच त्या गोष्टीतून, दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांना शब्द जास्त आले. आजींना हे न वाचताच माहीत होतं.

वाचायच्या पद्धतीबद्दल थोडंच. तुम्ही लिहिलंय, ती भराभर पानं उलटते. एकदा तिला उलटू द्या, मजकूर वाचूच नका. कुठल्या पानावर हात रेंगाळतो ते बघा आणि त्या पानावर आधी तुम्ही काहीतरी बोला. विचारू नका, बोला. 'याची चप्पल एकच दिसतेय...' आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा, कारण तिला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण मोठी माणसं तीन आकड्यांतच उत्तर देऊन मोकळे होतो. ती बोलली तर तिथून गोष्ट सुरू. पहिलं पान पहिल्यांदाच वाचलं पाहिजे असा काही कायदा नाही. शब्दाखालून बोट फिरवणं, 'हे अक्षर कुठलं' विचारणं सध्या पूर्ण बंद. रात्री ती फार पेंगत असेल तर संध्याकाळी खेळून आल्यावर करून बघा. आणि आठवड्यातून एकदा आजींना पुस्तक घेऊन बसवा. चष्मा नसेल तर उत्तमच, चित्रं बघून त्या स्वतःची गोष्ट सांगतील.

राहता राहिली ती २० पुस्तकं. फेकू नका. वाहनांचं एखादं तिला खरंच आवडत असेल तर ते ठेवा, काही मुलांना ट्रॅक्टर आणि जेसीबी गोष्टीपेक्षा मोठे वाटतात आणि त्यांचं चुकत नाही. बाकीच्यांतले प्राणी, फळं, घरं कात्रीनं कापा, पाठकोऱ्या कागदांच्या आठ पानांना मध्ये शिवण घाला आणि ते प्राणी तिला हवे तिथे चिकटवू द्या. सिंह फळांच्या गाडीवर बसला तर बसू दे. खाली ती सांगेल ते वाक्य तिच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्याकडची अशी काही पुस्तकं दहा वर्षांची झालीत, आणि त्यांनाही सेलोटेप लागलाय.